‘तोच सांगेल’ म्हणून वाट बघू नका

चौदा वर्षांचा तुमचा कुत्रा राजा, दोन्ही किडन्या निकामी होत आलेल्या, मागच्या पायांतलं बळ गेलेलं. एक दिवस खातो, दोन दिवस तोंड फिरवतो. डॉक्टर म्हणतात निर्णय तुमचा, घरात दोन मतं, आणि तुम्ही विचारताय की इंजेक्शन देऊन त्याला निरोप द्यायची वेळ झाली हे कळतं कसं. मी दोन कुत्री आणि एक मांजर अशा तिघांना असा निरोप दिलाय, त्यातल्या पहिल्याला फार उशिरा. म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्हाला बरेच जण सांगतील, ‘तोच सांगेल, त्याच्या डोळ्यांत दिसेल.’ माझ्या त्या पहिल्या कुत्र्याच्या, बंटीच्या वेळी मीही यावर विश्वास ठेवला. त्यालाही किडनीचाच आजार होता. आठवडेच्या आठवडे त्याच्या डोळ्यांत बघत बसले. तो मात्र मी दारात आले की शेपूट हलवायचा, अगदी शेवटच्या संध्याकाळपर्यंत. त्याच रात्री उलट्या आणि झटके सुरू झाले. मध्यरात्री अनोळखी दवाखाना, अनोळखी डॉक्टर, थंडगार टेबल. इंजेक्शन शेवटी दिलंच. पण त्याआधीचे चार तास त्याच्या वाट्याला आले ते मी खूण शोधत बसले म्हणून.

प्राणी दुखणं लपवतात. शेपूट आपल्यासाठी हलते, ती दुखत नसल्याची खात्री नव्हे. मांजर तर वेदनेतही गुरगुरतं. कुत्रा केकाटला नाही म्हणजे त्याला त्रास नाही, असं धरू नका. रात्री एका जागी न टिकणं, बसल्या जागी धापा टाकणं, सारखी कूस बदलणं, थरथरणं, माणसांपासून लांब कोपऱ्यात जाऊन बसणं, हे बघा.

तेव्हा खुणेची वाट बघण्याऐवजी आजच कागद घ्या. राजा ‘राजा’ असतो तो कशामुळे, अशा तीन-चार गोष्टी लिहा. आमच्या मनीच्या कागदावर होतं: खिडकीत चढून बसणं, स्वतःला चाटून स्वच्छ ठेवणं, रात्री माझ्या पायाशी येऊन झोपणं. यातल्या दोन गेल्या की डॉक्टरांना फोन करायचा, हे मी ती बरी असतानाच ठरवलं. शिवाय कॅलेंडरवर रोज बरा दिवस की वाईट एवढी खूण करा. वाईट दिवस कशाला म्हणायचं तेही आधी ठरवा, कारण चार दिवस उपाशी राहून पाचव्या दिवशी त्याने दोन घास खाल्ले की आपण मागचे चार विसरतो. मी विसरायचे.

ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी यासाठी एक मोजपट्टी केली आहे. वेदना (श्वासाचा त्रास यातच धरतात), भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा बरे दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी 10 पैकी गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर जगणं सुसह्य मानतात. मला त्या बेरजेपेक्षा वेगळाच उपयोग झाला. घरातल्या प्रत्येकाने ती एकमेकांना न दाखवता भरायची. तुमचे बाबा म्हणतात ‘अजून खातोय की’, आणि रात्री त्याला उचलून बाहेर नेता तुम्ही. दोघं वेगवेगळा राजा बघताय. कागद शेजारी ठेवले की भांडण निवळतं.

त्याआधी डॉक्टरांना एक नक्की विचारा: मळमळीवर औषध चालू आहे का? किडनीच्या आजारात भूक बऱ्याचदा मळमळीने जाते. ती आटोक्यात आली, कातडीखालून सलाईन दिलं, तर काही काळ चांगला मिळू शकतो. म्हणून नुसतं खाणं सुटलं यावर निर्णय घेऊ नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कधीच देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या किडन्या आणखी बिघडतात, पॅरासिटामॉलने मांजर दगावू शकतं. आणि दुसरा प्रश्न, जो मी बंटीच्या वेळी विचारायला घाबरले: आपण काहीच केलं नाही, तर याचा शेवट कसा येईल? उत्तर ऐकवत नाही, पण ऐका.

त्या दिवसाबद्दलही सांगते, कारण घरच्यांना आधी माहीत असावं. अगोदर गुंगीचं इंजेक्शन द्या म्हणून सांगा. नंतरचं औषध म्हणजे भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही सेकंदांत शुद्ध जाते, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे मिटत नाहीत. एखादा खोल श्वास, स्नायूंचा झटका, लघवी होणं, हे नंतर होऊ शकतं. तेव्हा त्याला काहीही जाणवत नसतं.

तुम्ही लिहिलंय, ‘माझ्या हातून खातो, त्याला मी कसं नेऊ?’ मनीनेही त्या दुपारी माझ्या हातून खाल्लं, मांडीवर झोपली, डॉक्टर घरीच आले. चार दिवस आधी झालं का, असं अजूनही कधीकधी मनात येतं. ते मी सोसू शकते. बंटीची ती रात्र नाही सोसवत.

कागदाचं आज रात्रीच करा, आणि बाबांना वेगळा द्या.