लाल पेन बॅगेत ठेव बघू

"मॅडम, मी एवढं करते तिच्यासाठी, तरी ती माझ्यापासून लपवूनच लिहिते." सबमिशन जवळ आली की समुपदेशनाला येणाऱ्या कुणा ना कुणाच्या तोंडून हे वाक्य येतंच, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. (ओळख बदललीय, आणि चार-पाच भेटी एकात कोंबल्यात.)

ही एम.ए.ची, मूळ पुण्याची, इथं कोल्हापुरात राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहणारी. रूममेट फर्स्ट इयरची, राधानगरीकडची, तिचं लिखाण ही तपासून द्यायची. वही आण म्हटलं. विषय गुऱ्हाळ आणि पान लालेलाल! 'चुलवाण' खोडून भट्टी, 'काहील' खोडून मोठी कढई, आणि 'मी आबांसोबत गेलो' मधल्या 'गेलो'ला तर दोन गोल. आता आमच्याकडच्या पोरी 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, हे पुण्याच्या पोरीला कोण सांगणार.

"पण मॅडम, चूक ती चूकच ना?"

"असेल. मला सांग, गूळ तयार झाला हे गुळव्याला कळतं कसं?"

"मला काय माहीत?"

"तिला माहितीय. विचारलंस कधी?"

बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, "मी तिचं वाचलंच नाही ना, नुसतं तपासलं." हे मी सांगितलं असतं तर तिनं मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा लाल पेन काढलं असतं.

मी कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांना मानणारी, उत्तर समोरच्याकडंच असतं, आपण फक्त नीट ऐकायचं. तरी प्रॅक्टिसच्या सुरवातीला मीही लोकांची वाक्यं पुरी करायचे, त्यामुळं ही खोड मला लांबूनच ओळखू येते. 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक केनेथ ब्रुफींनी विद्यार्थ्यांनाच एकमेकांच्या लिखाणाला मदत करायला बसवलं, कारण पोरं शिक्षकांकडं जायला बिचकायची. बरोबरीचं माणूस जवळचं वाटतं ते बरोबरीचं असतं म्हणून, तिथं आपणच छोट्या मास्तरीणबाई झालो तर ती वही लपवणारच की.

म्हणून आता सगळ्यांना सांगते, पेन बॅगेत. तिला मोठ्यानं वाचू दे, जिथं अडखळेल तिथं खूण तिची तिलाच करू दे, तुला खरंच जे कळलं नाही तेवढंच विचार. व्याकरण शेवटी, आणि तेही एका बैठकीत एकाच प्रकारची चूक, सगळ्या एकदम दाखवल्या तर एकही लक्षात राहत नाही. आणि वाक्य तुझं चांगलं सुचलं तरी गिळ, हे सगळ्यात अवघड.

पंधरा दिवसांनी आली ती वही घेऊनच. उकळता पाक गार पाण्यात टाकून गोळी होते का बघतात, हे सगळं आत आलेलं, चुलवाण-काहील जागेवर. 'गेलो'चं 'गेले' झालेलं, पण मधे "आबा, मीबी येतो" तसंच.

"हे ठेवलं?"

"ती म्हणाली, मी घरात असंच बोलतो, ते बदलणार नाही. मग मी काय बोललोच नाही, मॅडम."