पेटी आधीच आली होती

गेली एकोणीस वर्षे तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशनाचे काम करताना एक वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की, समोरच्या व्यक्तीने ते अर्धे उच्चारले तरी उरलेले मला कळते. “मी घरासाठी एवढा त्याग केला, आणि आज कोणाला त्याची किंमत नाही.” सांगणारी कधी सासू असते, कधी सून, कधी लग्न न करता आईवडिलांजवळ राहिलेली मुलगी, आणि आमच्या कापूसपट्ट्यात फार वेळा थोरला भाऊ. अशाच एका थोरल्या भावाची हकिगत इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींचे बोलणे थोडक्यात आणले आहे. त्यांना मी समोर ‘भाऊ’ म्हणत असे, इथेही तसेच म्हणते.

भाऊ एक्कावन्न वर्षांचे. नऊ एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि तूर. अकोल्याला कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना वडील अचानक गेले, तेव्हा त्यांनी शिक्षण सोडून शेती हाती घेतली, बहिणीचे लग्न केले आणि धाकट्या भावाला अभियंता केले. धाकटा आता पुण्याला असतो. दिवाळीत वाटणीचा विषय निघाला आणि बोलता बोलता तो म्हणाला, “तुले कोनं सांगतलं होतं शिकनं सोडाले?” त्या दिवसापासून भाऊंची झोप गेली होती. जेवण कमी झाले होते, आणि वहिनींच्या सांगण्यानुसार ते रात्री अंगणात उठून बसत.

पहिल्या दोन भेटी त्यांनी हिशेब सांगण्यात घालवल्या. कोणत्या वर्षी किती फी भरली, कोणत्या वर्षी बोंडअळीने पीक नेले तरी पैसे कसे पाठवले, हे सगळे त्यांना साल-महिन्यांसह पाठ होते. मी ऐकत होते, आणि हळूहळू माझ्या लक्षात आले की त्यागाची एवढी काटेकोर वही ठेवावी लागत असेल, तर त्या वहीवरचे नाव एकदा तपासून पाहायला हवे.

इथे थोडे शब्दांविषयी बोलणे भाग आहे, कारण माझ्या अनुभवात माणसाचे अर्धे दुःख घटनेत असते आणि अर्धे त्या घटनेला दिलेल्या नावात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती सांगते की घटनेपेक्षा तिच्याविषयीचा आपला विचार अधिक त्रास देतो. ती मी मानते, ती याच कारणासाठी. त्याग हा शब्द ‘त्यज्’ म्हणजे सोडणे या धातूपासून आला. यज्ञात आहुती देताना यजमान म्हणतो, “इदं अग्नये, इदं न मम”, म्हणजे हे अग्नीचे, हे माझे नाही. वस्तू अग्नीत पडते, परंतु त्याग होतो तो ‘न मम’ म्हणण्याने. गीतेच्या अठराव्या अध्यायातही त्यागाचे तीन प्रकार सांगताना मोहाने कर्तव्य सोडणे हा तामस आणि कष्टाच्या भीतीने सोडणे हा राजस त्याग मानला आहे. कर्तव्य करीत राहून त्यातली आसक्ती आणि फळाची आस सोडणे हा सात्त्विक. सोडणारा स्वतः असतो आणि त्याला सोडता येते, हे या सर्व अर्थांत गृहीत आहे.

बळी या शब्दाची वाट वेगळी. संस्कृतात बलि म्हणजे देवाला किंवा भूतमात्रांना दिलेला भाग, आणि राजाला दिलेला करसुद्धा. त्यात मारणे असतेच असे नाही. पण आपल्या बोलीत बळी म्हटले की ज्याला पुढे ढकलले जाते तोच डोळ्यांसमोर येतो. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा पशुबळीविरुद्ध आयुष्यभर गावोगाव बोलले. बकऱ्याला कोणी विचारलेले नसते, ही साधी गोष्ट मला त्या विरोधाच्या मुळाशी दिसते. नवस तर उघड उघड करार असतो: हे दे, मग ते देईन. उसने देणे वेगळे, बलिदान वेगळे. आपण मात्र घरातल्या सगळ्या झिजण्याला एकच शब्द वापरतो, आणि सत्कारात शाल-श्रीफळ देऊन एखाद्या बाईला ‘त्यागमूर्ती’ म्हणून मोकळे होतो. तिला कधी काही विचारले होते का, हे मात्र कोणी पाहत नाही.

तिसऱ्या भेटीत मी भाऊंना तोच प्रश्न विचारला, जो त्यांच्या भावाने विचारला होता. फक्त सावकाश, उत्तर हवे आहे अशा आवाजात.

“भाऊ, शिक्षण सोडायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”

ते चिडतील असे मला वाटले होते. ते बराच वेळ हातातल्या टोपीची घडी घालत राहिले.

“सांगतलं कोनंच नाही, ताई. तेरवीच्या दिवशी छपरीत काका, मामा सारे बसले होते. मी पानी देऊन राह्यलो होतो. घरात गेलो त कोपऱ्यात माही पेटी दिसली.”

“कोणती पेटी?”

“वसतिगृहातली. पुस्तकं, कपडे, सारं त्याच्यात. दोन दिवस आधी कोणीतरी जाऊन एसटीनं घेऊन आलं होतं.”

मी काही बोलले नाही. ते पत्र्याची पेटी समोर असल्यासारखे जमिनीकडे पाहत होते.

“पेटी आधीच आली होती, ताई. मले कोनी इचारलंच नाही.”

आणि हा माणूस, ज्याने बत्तीस वर्षे आपल्या त्यागाची वही सांभाळली होती, तो रडला. मला आजही वाटते की त्या वेळी धीराचा एकही शब्द न उच्चारता मी गप्प राहिले, ते माझ्या कामातले सर्वांत योग्य गप्प राहणे होते. एकोणीस वर्षांच्या त्या मुलाचे रडणे तेरवीच्या गर्दीत राहून गेले होते. ते बाहेर येण्याआधी शहाणपणाचे बोल सांगितले असते, तर ते पुन्हा पेटीत बंद झाले असते.

वहिनी तोवर भिंतीशी शांत बसल्या होत्या. पुढच्या भेटीत, मी ‘न मम’चा अर्थ सांगत असताना, त्या मधेच म्हणाल्या, “म्हंजे सीतादहीसारखं.” कापसाची वेचणी सुरू करताना आपल्याकडे वावरात दगड मांडून पूजा करतात आणि दहीभात वाहतात, त्याविषयी त्या बोलत होत्या. “वाह्यलेला दहीभात कोनी मोजत नाही. देवरजीच्या कालेजासाठी मी माह्या पाटल्या देल्या होत्या. याईनं मले इचारलं होतं, नको म्हन म्हनून दोनदा सांगतलं होतं. मीच काढून देल्या. त्या मले कधी आठोतबी नाहीत.”

भाऊ त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्यांच्या वहीत पाटल्यांची नोंद होती, आणि ज्यांच्या हातातून त्या गेल्या त्यांच्या मनात नव्हती. एकाच घरात, एकाच धाकट्यासाठी दोघांनी दिले होते. फरक एवढाच होता की एकीला विचारले गेले होते आणि तिला ‘नाही’ म्हणता आले असते. माझ्या कामाच्या इतक्या वर्षांत त्यागाची याहून नेमकी व्याख्या मी ऐकली नाही, आणि ती मला वहिनींनी शिकवली हे मी आनंदाने लिहिते.

यावरून भाऊंचे कष्ट खोटे ठरत नाहीत. त्यांच्याकडून घेतले गेले ते फार मोठे होते, म्हणूनच त्याला खरे नाव द्यायला हवे होते. जे घेतले गेले त्याचा शोक करावा लागतो. आपण त्याला त्याग म्हटले की शोक करायची सोय उरत नाही, मग त्याची उधारी होते आणि ती आपण अशा माणसाकडे मागत राहतो ज्याने ती घेतलेलीच नसते. धाकटा तेव्हा अकरा वर्षांचा होता. पेटी त्याने आणली नव्हती.

ज्यांच्या मनात हीच खंत आहे, त्यांनी आधी आपल्या आयुष्यातली ‘पेटी’ शोधावी. त्या वेळी मला विचारले होते का, आणि नकार दिला असता तर घराने तो ऐकला असता का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. उत्तर ‘हो’ असेल तर तुम्ही दिलेले तुमचेच होते, आणि ते सोडून देण्याची ताकद तुमच्यात आजही आहे. उत्तर ‘नाही’ असेल तर कौतुकाची वाट पाहणे थांबवून आधी दुःख करा. आणि ज्यांना परत काही हवे आहे, त्यांनी ते देतानाच स्पष्ट सांगावे. व्यवहार हा त्यागापेक्षा हलका असतो असे मी मानत नाही. न बोललेला व्यवहार मात्र घरे फोडतो. फळाची आस सोडणे म्हणजे हक्क सोडणे असाही अर्थ कोणी घेऊ नये. भूदान मागताना पवनारच्या विनोबांनी ‘मला घरातला सहावा मुलगा समजा’ म्हणून जमिनीचा सहावा हिस्सा मागितला, आणि दान म्हणजे सम्यक विभागणी असे ते सांगत. वाटणी उपकारांवर ठरत नाही, ती न्यायाने करावी लागते.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगते, कारण आमच्या भागात ती सांगणे टाळता येत नाही. कर्जात बुडालेला माणूस कधी कधी म्हणतो, “मी गेलो त घर सुटन.” तो आपल्या मरणालाही त्याग समजू लागलेला असतो. घर त्याने सुटत नाही, हे अशा घरांत बसून मी पाहिले आहे. असे बोलणे कानावर आले तर त्या माणसाला एकटे सोडू नका, त्याला सरळ विचारा, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर त्याच्यासोबत बसून फोन लावा. तो निःशुल्क आहे आणि दिवसरात्र सुरू असतो.

भाऊंनी धाकट्याला अक्षय तृतीयेला बोलावून घेतले. आधी त्यांनी पेटीची गोष्ट सांगितली. धाकटा म्हणाला, “मले हे मालूमच नव्हतं,” आणि बराच वेळ दोघांपैकी कोणी काही बोलले नाही. नंतर सातबारा समोर ठेवून बोलणी झाली. विहिरीचा आणि मोटारपंपाचा खर्च वाटणीत धरायला धाकटा तयार झाला. रस्त्यालगतच्या तीन एकरांवर दोघे अडून बसले.

मागच्या महिन्यात भाऊंचा फोन आला होता. झोप लागते का, असे मी विचारले.

“लागते, ताई. वाटनीचं अर्धं झालं, अर्धं बाकी हाये. भांडन होते अजून. पन आता मी वावरासाठी भांडतो.”