मेंदूच्या ऑपरेशनमध्ये गाठ 'चमकवतात' म्हणजे नक्की काय करतात?

टोचत नाहीत, पाजतात! ५-एएलए नावाची पावडर पाण्यात विरघळवून भूल देण्याच्या साधारण ३ तास आधी पेशंटला प्यायला देतात. गंमत म्हणजे ती स्वतः चमकत नाही. ग्लायोमाच्या (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीच्या) पेशी तिच्यापासून प्रोटोपॉर्फिरिन नावाचं चमकणारं द्रव्य बनवतात आणि ते आतच साचतं. मग मायक्रोस्कोपचा निळा प्रकाश लावला की गाठ लालभडक, कडेला फिकट गुलाबी, निरोगी मेंदू निळसरच. साध्या उजेडात हा काठ ओळखणं महाकठीण. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या चाचणीत एमआरआयवर उठून दिसणारी गाठ ६५ टक्के रुग्णांत पूर्ण निघाली, नेहमीच्या पद्धतीने ३६ टक्क्यांत. कमी ग्रेडच्या, म्हणजे हळू वाढणाऱ्या गाठी मात्र बऱ्याचदा चमकतच नाहीत. आणि हो, नंतर एक-दोन दिवस उन्हापासून जपायचं, कातडी भाजते.