दुसरीतल्या मुलीला एबीसीडी येते, पण इंग्रजी शब्द वाचता येत नाहीत. घरी काय करू?

ताई, अक्षरांची नावं तूर्त बाजूला ठेवा, आवाज शिकवा. इंग्रजीत अक्षरं 26, आवाज साधारण 44. 'सी-ए-टी' कितीही घोकलं तरी त्यातून 'कॅट' निघत नाही. 'क्-ॲ-ट्' म्हटलं की निघतं. मी ऐरोलीत लहान मुलांना शिकवते. आपल्या मुलांना बाराखडीमुळे आवाज जोडायची सवय असते, ते मोठं भांडवल आहे. अडतं ते 'पॅन' आणि 'पेन'मध्ये. तो फरक रोज कानावर घाला, तोंड उघडून दाखवा. स्टेशनच्या पाट्या मात्र सुरुवातीला नकोत. 'ठाणे'तला टी-एच 'थिन'सारखा वाजत नाही, पोर गोंधळतं. रात्री दहा मिनिटं शब्दाखाली बोट फिरवत तुम्हीच वाचून दाखवा.