पीएलसी (मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) इंटरनेटला जोडलेलाच नसेल, तर कारखाना सायबर हल्ल्यापासून सुरक्षित असतो का?

नाही, धोका कमी होतो, संपत नाही. इराणमधल्या नतांझचा युरेनियम प्रकल्प इंटरनेटपासून तोडलेलाच होता, तरी २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट हा घातक संगणक-प्रोग्रॅम तिथे शिरला, बहुधा पेनड्राइव्हवरून. सीमेन्सच्या पीएलसीमार्फत त्याने सेंट्रिफ्यूजचा (युरेनियम समृद्ध करणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या यंत्रांचा) वेग बदलला आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर मात्र सगळं आलबेल दाखवलं. खरा कावा तो. अर्थात एवढी मेहनत तुमच्या पॅकिंग लाइनसाठी कुणी घेणार नाही. साध्या कारखान्यात आधी हे तपासा:

- सर्व्हिस इंजिनिअरचा लॅपटॉप
- कायम चालू राहिलेला रिमोट अ‍ॅक्सेस
- ऑफिसचं नेटवर्क आणि मशीनचं नेटवर्क एकच आहे का

नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो कंपनीत २०१९ मध्ये रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) घुसलं, तेव्हा काही अ‍ॅल्युमिनियम प्लांट माणसांना हाताने चालवावे लागले.