सी गेम्समध्ये यजमान देशच पहिला कसा येतो? पदकांची लूट फिक्स असते का?

तुम्ही विचारलंय की आग्नेय आशियाई स्पर्धेत (सी गेम्स) एरवी मागे असलेला देश यजमान झाला की एकदम अव्वल कसा होतो, आणि हे आधीच ठरलेलं असतं का. सामने ठरलेले असतात असं मी म्हणणार नाही. पण कोणते सामने होणार हे मात्र यजमानच बऱ्याच अंशी ठरवतो, आणि अर्धी लढाई तिथेच संपते.

आधी आकडे पाहा. फिलिपिन्सला २०१७ मध्ये २५ सुवर्णही मिळाली नव्हती. २०१९ मध्ये घरी १४९ सुवर्णांसह पहिला क्रमांक, आणि पुढच्या खेपेला व्हिएतनाममध्ये ५२ वर घसरण. कंबोडिया ९ वरून थेट ८१ वर गेला, २०२३ मध्ये, अर्थात घरी, नोम पेन्हला. इंडोनेशियाने २००९ मध्ये ४३ आणि २०११ मध्ये घरी १८२ सुवर्णं मिळवली. दोन वर्षांत खेळाडू चौपट चांगले होत नाहीत. २००१ ते २०२३ या १२ स्पर्धांत ८ वेळा यजमान पहिला आला आहे.

हे होतं कसं? २०१९ च्या वेळच्या नियमानुसार ॲथलेटिक्स आणि जलक्रीडा सक्तीच्या होत्या. त्यावर ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धेतल्या खेळांपैकी किमान १४ घ्यायचे, आणि तिसऱ्या गटातले, म्हणजे प्रादेशिक खेळ, जास्तीत जास्त ८. एका खेळाला एकूण पदकांच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त पदकं द्यायची नाहीत (ॲथलेटिक्स, जलक्रीडा आणि नेमबाजी अपवाद). प्रत्येक प्रकारात किमान चार देश हवे होते. कागदावर हे कडक दिसतं. पण २०१९ मध्ये ५६ खेळ आणि ५३० सुवर्णं होती. ५३० चे ५ टक्के म्हणजे एका खेळात २६ सुवर्णांपर्यंत वाव! एकूण यादी फुगवली की मर्यादाही आपोआप फुगते. त्या वर्षी फिलिपिन्सच्या घरच्या आर्निसमध्ये (काठीने लढायचा खेळ) २० सुवर्णं ठेवली होती, त्यातली १४ त्यांचीच. ऑब्स्टॅकल रेसिंगमधली, म्हणजे भिंती-दोरांसारखे अडथळे पार करत पळायच्या शर्यतीतली, सहाच्या सहाही त्यांची.

उलटी युक्ती म्हणजे खेळ गाळणं. २०१३ मध्ये म्यानमारने टेनिस आणि जिम्नॅस्टिक्स वगळले आणि आपला चिनलोन (वेताचा चेंडू पायाने हवेत खेळवायचा खेळ) आणला. एखादा खेळ कमी झाला तर ज्या देशाची पदकं जातात तो ओरडतो, बाकीचे गप्प बसतात. कारण साधं आहे: उद्या यजमानपद आपल्याकडे येणार, तेव्हा आपल्यालाही हीच मोकळीक हवी. कधीतरी मात्र खरंच फाटतं. २०२३ मध्ये कंबोडियाने मुए थाय (थाय किकबॉक्सिंग) ऐवजी कुन ख्मेर या कंबोडियन नावाने स्पर्धा ठेवली, तेव्हा थायलंडने त्या खेळात संघच पाठवला नाही. सगळ्यात तगडा प्रतिस्पर्धी मैदानातच नाही म्हटल्यावर त्या सुवर्णांचा भाव किती, ते तुम्हीच ठरवा.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मुष्टियुद्धासारख्या खेळांत उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळतं. एखाद्या वजनगटात चारच जण उतरले, तर एकही लढत न जिंकता पदक नक्की. त्यामुळे 'एकूण पदकं' हा रकाना बघून मत बनवू नका. ज्या प्रकारांत पंच गुण देतात, तिथे घरच्या प्रेक्षकांचा आवाजही उपयोगी पडतो. स्टॉपवॉचवर त्याचा काही परिणाम होत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी: तक्ता आला की आधी ॲथलेटिक्स, जलतरण आणि भारोत्तोलन वेगळं काढायचं. तिथे वेळ, अंतर आणि वजन मोजलं जातं, आणि ते आशियाई विक्रमाशी ताडून पाहता येतं. सिंगापूरचा जलतरणपटू जोसेफ स्कूलिंग याने २०१५ मध्ये घरच्या सी गेम्समध्ये ९ सुवर्णं जिंकली, आणि पुढच्याच वर्षी रिओत १०० मीटर बटरफ्लायमध्ये अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सला मागे टाकून ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. भारोत्तोलनात फिलिपिन्सची हिडिलिन डियाझ २०१९ ला घरच्या सी गेम्समध्ये जिंकली, नंतर टोकियो ऑलिंपिकमध्येही. म्हणजे यजमानाची सगळीच सुवर्णं पोकळ नसतात. पुरुष फुटबॉलचं सुवर्ण राष्ट्रीय संघाचं समजू नका, ती वयोगटाची स्पर्धा असते.

आणि हे सगळं फक्त आग्नेय आशियात होतं असंही नाही. आपल्याकडे २०२३ ची राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाली. गोव्याने २७ सुवर्णांसह नववा क्रमांक मिळवला. त्या स्पर्धेतही खेळांची संख्या चाळिशीपार होती. गोव्याची ती २७ सुवर्णं कोणत्या खेळांतून आली, ती यादी काढून बघा. वरची पद्धत तिथे लगेच वापरून पाहता येईल.