गोव्यात कॉलेजच्या मुलाला गायला-वाजवायला जागा कुठे मिळेल?

हॉटेलांचा नाद सोड आणि देवळात जा.

म्हापशाला कॉलेजात आहेस, पेटी-कीबोर्ड वाजवतोस, थोडं गातोस, आणि किनाऱ्यावरचे मालक आधी फॉलोअर्स किती ते विचारतात, असं तू लिहिलंयस. माझ्या वेळी तेही विचारत नव्हते. मावसभाऊ मला कीबोर्डसकट कळंगुटच्या बाजूच्या एका रेस्टॉरंटात घेऊन गेला. तो गिटारवर, मी मागे. सगळा सीझन तीच ती हिंदी गाणी, मध्येच कुणाचा तरी वाढदिवस, आणि पैशांच्या जागी शीतकडीचं, म्हणजे भात-कालवणाचं ताट. मावसभावाचं म्हणणं, याला परफॉर्मन्स म्हणतात. देवळात ऐकायला कोण असतं, चार म्हातारे!

त्या चार म्हाताऱ्यांचंच सांगतो. वास्कोच्या दामोदराचा सप्ताह तुला ठाऊक असेलच, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो तो. तसं २४ तासांचं अखंड भजन श्रावणात आमच्या फोंड्याकडेही गावागावांतल्या देवळांत असतं. संध्याकाळची पाळी मोठ्या बुवांची, पेटीवरही नावाजलेला माणूस. मध्यरात्रीनंतरची कुणालाच नको असते, म्हणून ती पोरांच्या गळ्यात. मला अशीच मिळाली. कर्णे रात्री १० लाच बंद, त्यामुळे आवाज जो काय होता तो छातीतला. पखवाजावर आमच्याच वाड्यावरचे एक मामा. आमची वेळ संपत आली आणि निरोप आला, पुढच्या गावचं पथक पावसात अडकलंय. भजन तर तोडता येत नाही. जवळचे अभंग संपले, गौळणही झाली. मामा हात न थांबवता म्हणाले, "आतां तोच अभंग भैरवांत घे, फांतोड जायत आयली." म्हणजे पहाट होत आली, आता भैरव रागात घे. घेतला. ते समेवर माझ्यासाठी थांबत नव्हते, त्यांच्या ठेक्यात मीच जाऊन बसायचं होतं. मोबाइलवर मेट्रोनोम लावून तालमी करणाऱ्या आमच्या मावसभावाला हे आयुष्यात कळणार नाही.

उजाडलं तेव्हा समोर खरंच मोजकी माणसं होती. त्यांतले एक उत्सवी नाटकवाले निघाले. त्यांच्या गावी जत्रेला संगीत नाटक होतं आणि ऑर्गनवर माणूस हवा होता. तिथून दुसऱ्या गावचं नाटक, मग भजनी पथक, मग कला अकादमीची भजनी स्पर्धा. वाजवण्याचे पहिले पैसेही मला नाटकातच मिळाले, किनाऱ्यावर नाही. जत्रांच्या दिवसांत पेटी-तबल्याची माणसं शोधत सगळे फिरत असतात, तू फक्त डोळ्यांसमोर असायला हवास.

बाकी जागा म्हणशील तर फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळी आणि कुडचड्याची रवींद्र भवनं. पण सभागृह भाड्याने घेऊन स्वतःची मैफल लावायच्या भानगडीत पडू नकोस, तिथे कार्यक्रम करणाऱ्या संस्था गाठ आणि साथीला बस. मडगावच्या दिंडीला नुसतं ऐकायला जा. बाहेरचे मोठे गायक रस्त्यावरच्या बैठकीत समोर बसून ऐकायला मिळतात.

किनाऱ्यावर जायचंच असेल तर पावसाळ्यात शॅक, म्हणजे वाळूवरची झोपडीवजा हॉटेलं, मोडलेले असतात, म्हणजे काम ऑक्टोबर ते मे. उघड्यावर १० नंतर स्पीकर चालत नाही, तेव्हा सूर्यास्ताची वेळ माग. आणि अर्धे पैसे आधी.

हे सगळं अभंग-नाट्यगीत गाऊ शकणाऱ्यासाठी आहे, हे सांगायला हवं. स्वतःची इंग्रजी गाणी लिहीत असशील तर देवळाचा उपयोग नाही, पणजीतले कॅफे आणि त्यांचे ओपन माइक, म्हणजे कुणीही येऊन गावं असे कार्यक्रमच बघ. काही देवळांत कोण बसणार हे महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या हक्कदारांच्या घराण्यांवर ठरतं, ओळख लागते. मला ते पटत नाही, पण आहे. मुलींना रात्रीची पाळी सहसा देत नाहीत, त्यांनी महिलांच्या पथकात शिरावं.

मावसभाऊ आता बँकेत आहे. चवथीला आरतीच्या वेळी घुमट, आपलं मातीचं तालवाद्य, हातात घेतो आणि अजूनही म्हणतो, स्टेज ते स्टेज. गिटार विकून झाली त्याला बरीच वर्षं.

तू श्रावणाच्या आधीच जवळच्या देवळाच्या समितीला भेट आणि मध्यरात्रीनंतरची पाळी माग. कीबोर्ड घरीच ठेव, पेटी तिथे असते.